मांडीचे हाड आणि त्याचे नाव

प्रौढ माणसाच्या शरीरात सामान्यतः २०६ हाडे असतात. त्यांत लांबीने आणि बळकटीने पहिला मान मांडीच्या हाडाचा. माणसाच्या एकूण उंचीचा सुमारे चौथा हिस्सा या एकट्या हाडाने व्यापलेला असतो. त्यामुळे जुन्या दफनभूमीत हे एकच हाड हाती लागले, तरी त्या व्यक्तीची उंची किती असावी, याचा अंदाज जाणकारांना बांधता येतो. शरीरशास्त्रात या हाडाला 'फीमर' असे नाव आहे. एके काळी हा शब्द वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतींआड राहत असे. आता तो घराघरांत शिरला आहे. घरातील वृद्ध माणूस न्हाणीघरात पाय घसरून पडतो, त्याला रुग्णालयात नेतात, क्ष-किरण चित्र निघते आणि सोबतच्या कागदावर हा परका शब्द लिहून येतो. कागद हातोहात फिरतो. शब्द मात्र कोणाच्याच ओळखीचा नसतो. त्या शब्दाचे कूळ कोणते, त्याचा अर्थ काय, आणि तो समजला नाही तर काय बिघडते, हे पाहण्यासारखे आहे.

पायाच्या इतर हाडांची लॅटिन नावे मोठी चित्रमय आहेत. नडगीच्या हाडाला 'टिबिया' म्हणतात. रोमन लोक याच शब्दाने पावा ओळखत. तिच्या शेजारचे बारीक हाड 'फिब्युला', म्हणजे वस्त्र अडकवण्याची पिन. गुडघ्याची वाटी 'पटेला', म्हणजे लहानसे पसरट ताट. ज्या खोबणीत मांडीच्या हाडाचा गोळा बसतो ती 'असेटाब्युलम', म्हणजे भोजनाच्या वेळी शिरका ठेवण्याचे वाडगे. ज्यांनी ही नावे दिली त्यांच्या डोळ्यांपुढे घरातील वस्तू होत्या. 'फीमर' या शब्दामागे मात्र असे कोणतेही चित्र नाही. लॅटिनमध्ये त्याचा उच्चार 'फेमुर' असा होई आणि त्याचा अर्थ हाड असा नव्हताच. कातडी, मांस, शिरा, हाड या सर्वांसह संपूर्ण मांडी म्हणजे फेमुर. हाडाचा खास निर्देश करावयाचा झाला, तर 'मांडीचे हाड' असेच म्हणावे लागे.

हा शब्द फार जुना आहे, याची साक्ष त्याचे व्याकरण देते. 'मांडी' म्हणताना फेमुर. पण 'मांडीचे' म्हणताना जुने रूप 'फेमिनिस'. शेवटचा 'र' जाऊन तेथे 'न' येतो. संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. काळजाशेजारच्या अवयवाला संस्कृतात 'यकृत्' म्हणतात. त्याची षष्ठी 'यकृतः' होते, तशीच 'यक्नः' हीही होते. त्याच अवयवाला लॅटिनमध्ये 'येकुर' म्हणतात आणि तेथेही षष्ठीत 'न' डोकावतो. यकृत् आणि येकुर हे एकाच मुळाचे दोन अंकुर आहेत. शब्द चालविण्याची ही तऱ्हा लॅटिन व संस्कृत या भाषा वेगळ्या होण्यापूर्वीची आहे, आणि ती अगदी मोजक्या शब्दांत टिकली आहे. फेमुर हा त्या मोजक्या शब्दांपैकी एक. यकृताचे भाऊबंद मात्र अनेक भाषांत सापडतात. फेमुरचे तसे नाही. त्याची सर्वमान्य व्युत्पत्ती आजवर ठरलेली नाही.

जेथे व्युत्पत्ती सापडत नाही तेथे कल्पना धावते. सेव्हिलचे धर्माध्यक्ष संत इसिदोर हे इ. स. ६३६ मध्ये निवर्तले. शब्दांच्या मुळांविषयी त्यांनी लिहिलेला कोशवजा ग्रंथ युरोपात शतकानुशतके वाचला गेला. त्यात त्यांनी 'फेमिना', म्हणजे स्त्री, हा शब्द मांडीवाचक फेमुरशी जोडला आहे. 'फेमिनिस' हे रूप ऐकल्यावर असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु ते बरोबर नाही. मांडीच्या शब्दातील पहिला स्वर ऱ्हस्व आहे, तर स्त्रीवाचक शब्दातील दीर्घ. फेमिना हा शब्द 'स्तनपान करणे' अशा अर्थाच्या प्राचीन धातूपासून आला. त्याच धातूपासून संस्कृतात 'धेनु' हा शब्द झाला. स्त्रीचे नाव माउलीच्या दुधाशी जोडलेले आहे, मांडीशी नाही. संताची विद्वत्ता मोठी. तथापि कानाला सारखे लागले म्हणून कूळ एक होत नाही, हा भाषेचा नियम त्यांनाही लागू पडतो.

'फेमिनिस' हे जुने रूप एका वस्त्राच्या नावात टिकून राहिले. मांड्या झाकणाऱ्या आखूड वस्त्राला रोमन लोक 'फेमिनालिया' म्हणत. सम्राट ऑगस्टस थंडीच्या दिवसांत असे वस्त्र वापरीत असे, अशी नोंद त्याचा चरित्रकार सुएटोनियस याने केली आहे. जांघ आणि तीवरून जांघिया, तसेच फेमुर आणि त्यावरून फेमिनालिया. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर हाती घेतले. निर्गम या पुस्तकात वेदीजवळ सेवा करणाऱ्या याजकांसाठी तागाच्या चोळण्यांची आज्ञा आहे. तेथे जेरोम यांनी हाच शब्द योजला.

जेरोम यांच्या भाषांतरात फेमुर हा शब्द याहून गंभीर प्रसंगीही येतो. अब्राहाम वृद्ध झाला, तेव्हा मुलासाठी वधू शोधण्यास निघालेल्या सेवकाला त्याने आपल्या मांडीखाली हात ठेवून शपथ घ्यावयास लावले. याकोबाने रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंज दिली. त्या पुरुषाने त्याच्या जांघेला स्पर्श केला आणि पहाटे याकोब लंगडत निघाला. या घटनेची आठवण म्हणून इस्राएल लोक जनावराच्या मांडीतील ती नस खात नाहीत, असे उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितले आहे. याकोबाबरोबर मिसर देशात गेलेल्या त्याच्या संततीचा उल्लेख तर 'त्याच्या मांडीपासून निघालेले' असाच होतो. मांडी म्हणजे वंशाचे मूळ, आणि म्हणून शपथेचे स्थान, असा हा प्राचीन संकेत आहे.

हा संकेत एकाच लोकसमूहाचा नव्हे. ग्रीकांच्या कथेत देवराज झ्यूस अपुऱ्या दिवसांच्या डायोनायससला आपल्या मांडीत शिवून घेतो आणि पुढे तेथूनच त्याचा जन्म होतो. ग्रीक भाषेत मांडीला 'मेरोस' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'मांस' या शब्दाचा नातलग आहे. इ. स. पूर्व ३२६ च्या सुमारास शिकंदराचे सैन्य काबूल नदी आणि सिंधू यांच्यामधल्या प्रदेशात आले, तेव्हा तेथल्या एका डोंगराचे नाव त्यांना मेरोस असे ऐकू आले. डायोनायसस येथे येऊन गेल्याची ही खूण, अशी त्यांची समजूत झाल्याचे इतिहासकार एरियन लिहितो. 'मेरु' या नावाशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला यावर फार भाष्य नको. महाभारतात भृगुकुळातील और्व ऋषी मातेच्या मांडीतून, म्हणजे ऊरूतून, जन्मले म्हणून त्यांचे नाव और्व. आणि मराठी भाषेत मूल दत्तक घेणे याला 'मांडीवर घेणे' असा प्रयोग आहे. १८७५ साली बडोद्यात महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. अशा प्रसंगी मराठी माणसाच्या तोंडी जो शब्द येतो, त्यात याकोबाच्या काळचाच संकेत आहे.

इतका मान असलेला हा फेमुर शब्द बोलीतून मात्र नाहीसा झाला. त्याचे कारण भाषाशास्त्रज्ञ असे देतात. उत्तरकालीन लॅटिनमध्ये शेणखताला 'फेमुस' म्हणू लागले. मांडी आणि शेणखत यांचे उच्चार जवळजवळ सारखे झाले. शरीराचे नाव घेताना खताची आठवण होणे कोणालाच रुचणार नाही. लोकांनी फेमुर सोडला आणि त्याच्या जागी शेजारचा शब्द ओढून घेतला. कमरेच्या बाजूला, खुब्याला, लॅटिनमध्ये 'कोक्सा' म्हणत. हा शब्द खाली घसरून मांडीवर आला. फ्रेंचमध्ये त्याचे 'क्वीस' झाले, इटालियन आणि पोर्तुगीज या भाषांत 'कोशा'. खुब्याची जागा रिकामी पडली. ती भरण्यासाठी जर्मानिक टोळ्यांच्या भाषेतून नवा शब्द आला, तो पोर्तुगीजमध्ये 'आंका' असा आहे. गोव्यात ज्यांनी पोर्तुगीज शाळेत शिक्षण घेतले त्यांना हे दोन्ही शब्द ठाऊक असतील. या कोक्साचा संस्कृतातील भाऊ म्हणजे 'कक्ष', अर्थ बगल; मराठीत त्याचीच 'काख' झाली. एकाच मुळाचा शब्द एका देशात काखेत राहिला, दुसऱ्या देशात खुब्यावर बसला आणि तेथून मांडीवर उतरला.

अवयवांची नावे अशी शेजारी सरकतात, हे आपल्या भाषांतही घडले आहे. संस्कृतात 'जंघा' म्हणजे गुडघ्याखालचा पाय. ऋग्वेदात विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोहाची जंघा दिल्याची कथा आहे, ती याच अर्थाने. हिंदीत तिची 'जाँघ' झाली आणि ती गुडघा ओलांडून मांडीवर चढली. मराठीतील जांघ त्याहून वर, मांडी जेथे धडाला मिळते त्या सांध्यापाशी गेली. इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील मराठी मुलाने शाळेत 'जाँघ' ऐकावे आणि घरी येऊन 'जांघ' म्हणावे, तर बोट दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे लागेल. संस्कृतात मांडीला ऊरु आणि सक्थि असे दोन शब्द. सक्थीचा वंशज म्हणून गुजरातीतील 'साथळ' हा शब्द दाखवितात. तो बडोद्याच्या घरांत रोजचा आहे. बेळगावकडील कानडीत मांडीला 'तोडे' म्हणतात, हैदराबादेच्या तेलुगूत 'तोड'. मराठीने यांपैकी काहीच न घेता 'मांडी' हा शब्द धरला. बाळाला झोपवितात ती मांडी, पंगतीत घालतात ती मांडी, आणि पहिलवान शड्डू ठोकतो तीही मांडीच.

बोलीला हे सरकणे चालते. शास्त्राला चालत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने एक हाड म्हणावे आणि साहाय्यकाने दुसरे समजावे, हे परवडणारे नाही. त्यामुळे युरोपातील वैद्यांनी कोणाच्याच बोलीत न उरलेला शब्द निवडला. १५४३ साली आंद्रेआस वेसालियस याचा मानवी शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ छापला गेला, तो लॅटिनमध्येच. लोकांनी सोडलेला फेमुर ग्रंथांत राहिला. 'मांडीचे हाड' या दोन शब्दांपैकी हाड गळले आणि उरलेली मांडीच हाडाचे नाव होऊन बसली. इतकी खबरदारी घेऊनही हा शब्द पुरता स्थिर झालेला नाही. १९९८ मध्ये शरीरशास्त्रातील संज्ञांची जी आंतरराष्ट्रीय यादी प्रसिद्ध झाली, तीत फेमुर दोन ठिकाणी आहे: एकदा संपूर्ण मांडीसाठी आणि एकदा हाडासाठी. कीटकशास्त्रात तर नाकतोड्याच्या उडी मारणाऱ्या पायाचा जाड भाग हाही फीमरच. तेथे हाडाचा प्रश्नच नाही.

भारतीय वैद्यकाने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील लांब, पोकळ हाडांना त्याने 'नलक' म्हटले. चरकसंहितेत मांडीच्या हाडाचे नाव 'ऊरुनलक' असे येते. ऊरूमधील नळी, इतका त्याचा सरळ अर्थ. मटणाच्या रश्शात मुले ज्या नळीसाठी भांडतात, ती या नलकाच्याच कुळातील. रोमन वैद्यांनी नडगीच्या हाडात पावा पाहिला, आपल्या वैद्यांनी नळी पाहिली. दोघांचीही नजर पोकळीवर गेली. आजच्या मराठी शास्त्रीय परिभाषेत 'ऊर्वस्थि' हा शब्द आहे. ऊरु अधिक अस्थि, असा संधी सोडविला की अर्थ उघडा होतो. ज्याला तो सोडविता येत नाही, त्याला मात्र ऊर्वस्थि आणि फीमर हे दोन्ही शब्द सारखेच परके.

आता व्यवहाराकडे यावे. वृद्ध माणूस पडला की घरात म्हणतात, 'खुबा सरकला.' हे वाक्य ऐकणाऱ्याला वाटते की एखादा सांधा जागचा हलला आहे. चोळून, ओढून तो जागेवर बसेल. वास्तविक म्हाताऱ्या माणसाच्या साध्या पडण्यात सांधा निखळणे क्वचित घडते. बहुतेक वेळा मांडीचे हाडच वरच्या टोकाशी मोडलेले असते. या हाडाची घडण अशी की वरच्या टोकाला एक वाटोळा गोळा असतो आणि तो धडाच्या खोबणीत फिरतो. गोळा आणि सरळ दांडा यांना जोडणारा तिरपा भाग म्हणजे हाडाची मान. दांड्याशी तिचा कोन सुमारे १२५ अंशांचा. शरीराचा भार या तिरप्या मानेवरून खाली उतरतो. उतारवयात हाडे ठिसूळ झाली की हीच मान मोडते. गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या बहुतेक वाहिन्या मानेला लगटून वर जातात. मान मोडून तुकडे सरकले की त्या वाहिन्या तुटतात आणि रक्ताविना गोळा निर्जीव होण्याची भीती असते.

अशा वेळी 'सरकला' आणि 'मोडला' यांतील भेद हा केवळ शब्दांचा भेद राहत नाही. सरकलेल्या खुब्यासाठी लोक तेल तापवितात आणि पाय ओढून पाहतात. मोडलेल्या हाडाला त्या ओढण्याने अपाय होतो, आणि हातचा वेळ जातो. ही शस्त्रक्रिया शक्यतो एकदोन दिवसांत व्हावी, असा वैद्यांचा आग्रह असतो; कारण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला छातीचे विकार आणि पाठीच्या जखमा लवकर गाठतात. पडलेल्या माणसाला उभे राहता येत नाही, एक पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कलते, ही लक्षणे दिसली तर हाड मोडले आहे असेच समजावे. काही वेळा रोगी लंगडत चार पावले टाकतो. तेवढ्यावरून निश्चिंत राहू नये. क्ष-किरण चित्र काढल्याशिवाय निर्णय करू नये, हे उत्तम.

येथे विद्येचे आणि बोलीचे काम वेगवेगळे आहे, आणि दोन्ही कामे करावी लागतात. पणजीच्या डॉक्टरने लिहिलेला कागद इंदूरच्या किंवा लिस्बनच्या डॉक्टरने वाचला तरी अर्थात फरक पडू नये, म्हणून कागदावर 'फीमर' असावा. लोकांनी टाकून दिलेल्या शब्दाचा जगाला हा मोठा उपयोग झाला आहे. पण खाटेवर पडलेल्या आजीला तोच शब्द ऐकवून काय साधणार? तिला 'मांडीचे हाड, खुब्यात बसते तेथे, मोडले आहे' असे सांगितले, म्हणजे तिला आपले दुखणे कळते, आणि पाय का हलवू नये हेही कळते. 'मोडले' हा शब्द ऐकून ती घाबरेल, म्हणून घरची माणसे 'सरकले' म्हणतात. ही माया खरी असली, तरी तिने उपचाराला उशीर होऊ नये.

शाळेत शरीरशास्त्र शिकविताना मुलांकडून फीमर, टिबिया, फिब्युला ही नावे पाठ करून घेतात. त्याच तासाला प्रत्येक मुलाने आपल्या मांडीवर हात ठेवून 'मांडीचे हाड, फीमर, ऊर्वस्थि' ही तिन्ही नावे एकत्र म्हणावी, आणि खुबा म्हणजे या हाडाचे वरचे टोक जेथे बसते ती जागा, हे बोट ठेवून दाखवावे. परीक्षेत त्याचे गुण मिळोत वा न मिळोत. पुढे केव्हातरी त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी कोणी वडीलधारे माणूस पडेल, रुग्णालयाचा कागद हाती येईल, आणि घरातील सर्वजण त्या मुलाच्या तोंडाकडे पाहतील. त्या वेळी त्याला तो कागद वाचून आजीला तिच्या भाषेत सांगता आला पाहिजे.